साडूच्या गाडीमागून: अंबरनाथच्या लिलावाची सहल

बदलापुरातल्या प्रत्येक लग्नकार्याला सासूबाई माझ्या साडूच्या, म्हणजे सुनीलरावांच्या, पांढऱ्या गाडीत पुढे बसून जातात आणि मी स्कूटरवरून त्यांचा धूर खात मागे. किती दिवस बघायचं हे? ती गाडी त्यांनी लिलावात स्वस्तात मारलेली. म्हटलं, आपणही जायचं. दुर्दैवाने वाट दाखवायला तेच हवे होते.

बदलापुरातल्या आमच्या खरवईहून सकाळी त्यांच्याच गाडीने निघालो. आधी उल्हासनगर. तिथे दाल-पकवान खायला रिकाम्या पोटी जा, दुपारपर्यंत भूक लागत नाही. शेजारच्या दुकानातून मी सीट कव्हर्स घेतली, सुनीलरावांच्यापेक्षा भारी. गाडीचा अजून पत्ता नव्हता. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

अंबरनाथच्या यार्डात हप्ते थकल्याने उचललेल्या गाड्या धूळ खात असतात. अनामत भरून नंबराची पाटी घ्यायची. बॉनेट उघडून बघता येतं, चालवून नाही. एका पांढऱ्या गाडीच्या दारावरून सुनीलराव हात फिरवत राहिले. त्यांचंच मॉडेल, पण नवं. माझ्या पोटात दुखायला लागलं.

बोली सुरू होताच मी पाटी उचलली. त्यांनीही उचलली. मी पुन्हा, ते पुन्हा. बाकीचे व्यापारी चहा पीत मजा बघत होते. शेवटी एक सिंधी शेठ म्हणाला, "साईं, एक गाडी में आए हो, फिर एक ही गाडी के लिए क्यों लड रहे हो?"

सुनीलरावांनी पाटी खाली घेतली. गाडी मला मिळाली, ठरवल्यापेक्षा बरीच महाग.

"तुम्हाला हवी होती का?" मी विचारलं.

"छे. खोटं कशाला बोलू, महेशराव? माझ्यापेक्षा चांगली गाडी तुमच्या दारात बघवली नसती."

कागदपत्रं झाल्यावर ताबा घ्यायला गेलो, पुन्हा त्यांच्याच गाडीने. किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. तुम्ही जाल तेव्हा मेकॅनिक सोबत न्या. सुनीलरावांनी शांतपणे डिकीतून दोर काढला. अंबरनाथ ते खरवई मी माझ्या पहिल्यावहिल्या गाडीचं स्टिअरिंग धरून त्यांची मागची काच बघत आलो. स्कूटरवरून निदान ओव्हरटेक तरी करता यायचं.

सोसायटीच्या गेटवर सासूबाई झेंडूचा हार घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो पुढच्या गाडीला घातला.

"आई, आपली मागची," बायको पुटपुटली.

"चालणारी हीच ना?" सासूबाई म्हणाल्या.

आता माझी गाडी झकास चालते, कव्हर्सही चपखल बसली. सासूबाई माझ्या शेजारी पुढे बसतात. लिलावाला जरूर जा, फक्त साडूला नेऊ नका. सुनीलराव दर रविवारी येतात आणि गाडी मुद्दाम माझ्या गाडीला खेटून लावतात. तो हार वाळून कोळ झालाय, पण त्यांनी अजून काढलेला नाही.