मागची खूण

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी मला विचारलं, विमान आधी कोणत्या दिशेला जाणार. मला हसू आलं आणि रागही आला. धरमपेठेतल्या दवाखान्यात सहा वर्षं नर्सचं काम करून मी जर्मनीत नर्स व्हायला निघाले होते, बॅगेचं वजन जास्त भरेल की काय या काळजीत होते, आणि या माणसाला दिशा हवी होती. मुंबईला जाणार म्हणजे पश्चिमेलाच जाईल ना, मी म्हटलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. पायलटला रस्ता सांगून झाला, असा चेहरा.

आत जायची वेळ झाली तेव्हा आई म्हणाली, "आता मांगं पाहू नको वं. जाताना पाहत नाही."

आणि लगेच बाबा म्हणाले, "एकदा मांगं पाहून घेजो, बेटा."

या दोघांचं कशावरही एकमत होत नाही, तर त्या दिवशी कुठून होणार? मी आईचं ऐकलं. रीत म्हणून नव्हे, वळले असते तर रडले असते म्हणून. सरळ आत चालत गेले.

सावनेरात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच बॅगा उचलून कुठे कुठे गेलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल की परदेशात सगळ्यात अवघड जाते ती थंडी. थंडीला स्वेटर असतो. अवघड गेलं ते एक साधं वाक्य: तुमच्या देशाची ओळख करून द्या.

मी राहते ते गाव जर्मनीच्या उत्तरेला, नदीकाठी आहे. टेकडी म्हणून औषधालाही नाही. इथल्या दवाखान्यात आल्यावर कळलं, भाषेची परीक्षा पास होईपर्यंत मी नर्स नाही, मदतनीस आहे. रुग्णांना अंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या. त्या कामाची मला लाज नाही. पण समोर सलाईन चुकीच्या वेगानं चाललंय हे दिसावं आणि हात न लावता कोणाला तरी बोलवायला जावं, हे रोज मनाला लागायचं. परीक्षेच्या दोनच संधी होत्या. दुसऱ्यांदा नापास झाले तर करार संपला, परत सावनेर.

तोंडी परीक्षेत आपल्या देशाचा भूगोल, संस्कृती आणि अर्थव्यवस्था दहा मिनिटांत सांगायची होती. हे तर माझ्या हातचं, असं मला वाटलं. पाठ केलं: उत्तरेला हिमालय, दक्षिणेला तीन समुद्र, ताजमहाल, विविधतेत एकता, संगणकाचे उद्योग. घडाघडा बोलले. चष्मा लावलेल्या परीक्षक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हिमालयात सकाळी कसं वाटतं?

हिमालय मी पाहिलेला नाही. ताजमहाल नाही. समुद्रसुद्धा पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून. बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, तेही असेच. देश माझा, आणि त्यातलं मी सांगितलेलं काहीच माझ्या ओळखीचं नव्हतं. नापास झाले.

रविवारी घरी फोन केला. आईला सांगायचं नव्हतं, म्हणून बाबांना मागितलं. ते कोळशाच्या खाणीत सर्व्हेच्या माणसांबरोबर काम करायचे. मोजणीची साखळी धरायची, खुणा करायच्या, जमिनीखालच्या काळोखात कोणता बोगदा कुठे चाललाय ते मोजायचं. तीस वर्षं हेच केलेला माणूस धीराचे दोन शब्द बोलेल, अशी माझी वेडी आशा.

"हिमालय पाह्यला काय तू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग काहून सांगून राहिली? आपण कुठं उभे आहो, ते पहिले टाक. बाकीचं तिथून मोज."

फोन ठेवल्यावर मला आमच्या ओसरीची फरशी आठवली. मी चौथीत असताना बाबांनी तिच्यावर खडूनं मला देश काढायला शिकवला होता. शाळेत आम्ही काश्मीरपासून सुरुवात करून कडेकडेनं यायचो आणि गुजरातपाशी घोटाळा व्हायचा. बाबांनी आधी मधोमध एक ठिपका टाकला. हे नागपूर, आणि त्याच्या वर चिकटून आपलं सावनेर. इथून खाली एक वीत, कन्याकुमारी. वर सव्वा वीत, काश्मीर. डावीकडे पाऊण वीत गेलं की गुजरातचं टोक. उजवीकडे पुन्हा सव्वा, अरुणाचल, मध्ये मान बारीक करायची. टोकं जोडली की देश तयार. ठिपक्यावर अंगठा ठेवून मी उन्हाळाभर भारत काढत होते. फरशी पुसता पुसता आई आम्हा दोघांना बोलायची.

मग मी वहीतला हिमालय खोडला आणि ठिपक्यापासून लिहू लागले. आणि गंमत म्हणजे मला प्रश्नच प्रश्न पडायला लागले. आमच्याकडे काळ्या मातीत कापूस, ज्वारी. बसनं रामटेकला मावशीकडे उतरलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. एकाच जिल्ह्यात इकडे भाकर थापतात, तिकडे भात शिजतो. का बरं? इतकी वर्षं मी त्या बसमधून गेले आणि एकदाही विचारलं नव्हतं. रोज फोन करून विचारायला लागले. बाबा माती, पाऊस, तलाव असं सांगत सुटायचे. आई मागून म्हणायची, तिले झोपू द्या. इथे दुपारच असायची.

सरावाच्या वर्गात फळ्यावर नकाशा काढायला घेतला तर माझी वीत फळ्याला पुरेना, म्हणून अख्ख्या हातानं मोजलं. अरुणाचल कपाटावर गेला. शिकवणाऱ्या बाईंनी कपाटाला कागद चिकटवून दिला आणि म्हणाल्या, पूर्ण करा, मला पुढचं पाहायचंय. वर्गात माझ्याच दवाखान्यातली मारिसोल होती, फिलिपिन्सची, बेटांच्या देशातली, माझ्यासारखीच नर्स असून चादरी बदलणारी. तिनं विचारलं, प्रत्येक देश मधूनच काढतात का? मी म्हटलं, मग आणखी कुठून काढणार?

"आम्ही आधी पाणी काढू," ती म्हणाली.

मला स्वतःचंच हसू आलं. नागपूरकडच्या माणसाला जगाचा मध्य आपल्या पायाखाली असल्यासारखं वाटतं आणि कडेला राहणारी माणसंही असतात हे लक्षातच येत नाही.

तोंडी परीक्षेला दोघादोघांना जोडीनं बसवतात; दुसऱ्या वेळी माझी जोडीदार मारिसोलच होती. समोर त्याच चष्म्यातल्या बाई. मी कागदावर ठिपका टाकला आणि म्हटलं, मी इथली आहे, जे पाहिलं तेवढंच सांगणार. मग सांगितलं, की हिवाळ्यात आमच्या रस्त्यावरून कोळशाचे काळे ट्रक जातात आणि त्यांच्याच मागे कापसानं फुगलेल्या पांढऱ्या गाड्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना दोन्ही लागलेलं असतं. त्या कोळशाची वीज होते आणि दूरदूरच्या शहरांत दिवे लागतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात पोरं लाकडी नंदीबैल सजवून घरोघर नेतात. माझा नंदी बाबांनी खाणीत छताला टेकू देतात त्या लाकडाच्या तुकड्यातून केला होता. बाईंनी विचारलं, त्याला चाकं होती का? होती, आणि एक सारखं निघायचं, मी म्हटलं. त्या पुढे झुकल्या. मग किती काय काय विचारलं त्यांनी, आणि एकाही प्रश्नाला मी अडले नाही. जर्मन व्याकरणाचा मात्र बऱ्याच ठिकाणी चुराडा केला असणार.

पास झाले. मारिसोलही झाली. ज्या दिवशी मी पुन्हा स्वतःच्या हातानं पहिलं सलाईन लावलं, त्या दिवशी स्टोअररूममध्ये जाऊन पाच मिनिटं रडून घेतलं.

घरी सांगितलं तर आईनं साखर वाटली. बाबांनी नवीन काम दिलं. म्हणाले, आता तिकडचा नकाशा काढून पाठव, तू उभी आहेस तिथून. मी सुट्टीच्या दिवशी बसले. कागदाच्या मधोमध माझ्या नदीकाठच्या गावाचा ठिपका टाकला, बेकरी, दवाखाना, बसथांबा, पूल, वर समुद्र, खाली मोठी शहरं. अर्धा देश कागदाबाहेर राहिला, पण जे काढलं ते पायांना माहीत असलेलं होतं. फोटो काढून पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी फोटो आधीच मोठा करकरून पाहून ठेवला होता.

"ठिपका बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मांगची खूण कुठं आहे?"

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. खाणीत खाली सगळा काळोख. पुढचं माप घ्यायच्या आधी दुर्बीण उलटी फिरवायची, छतावर जुनी खूण केलेली असते तिच्याकडे पाहून घ्यायचं, ती नीट दिसली की मगच दुर्बीण पुढे वळवायची. दर वेळेला. कितीही घाई असली तरी.

"ज्यानं मांगं नाही पाह्यलं, त्याचा बोगदा तिरपा जाते," ते म्हणाले. "विमानतळावर म्हटलं होतं तुले."

इतके दिवस मला वाटत होतं, बापाची माया बोलत होती. माया होतीच. पण ते मला काम शिकवत होते.

"मी नव्हतं पाहिलं, बाबा," मी म्हटलं.

"मले माहीत आहे. मी उभाच होतो."

मग आईनं फोन घेतला आणि मी जेवले का ते विचारलं.

पुढच्या रात्रपाळीला जायच्या आधी मी नकाशा पुन्हा काढला. ठिपक्यापासून उजवीकडे, किंचित खाली, कागद संपेपर्यंत एक रेघ ओढली आणि टोकाला बाण काढून लिहिलं, सावनेर. घर म्हणजे काय, याचं उत्तर आता मला बाबांच्या कामातूनच सुचतं: जिच्याकडे पाहून घेतल्याशिवाय पुढचं माप घेता येत नाही, ती खूण. दवाखान्याची बस पश्चिमेकडून येते. थांब्यावर सगळे तिकडे तोंड करून उभे असतात. मी आधी एकदा वळून पूर्वेला पाहून घेते, मग बसची वाट बघते.