आठवी चौकट

गिरण्यांच्या संपाला चार-पाच वर्षं झाली असतील. घरघरणारा टेबलफॅन काखेत मारून मी लालबागच्या त्या दुकानात शिरलो. दुकान कसलं, जिन्याखालची जागा; पण भिंतीवर सर्टिफिकेटांच्या सात चौकटी! रेडिओ, कलर टीव्ही, फ्रिज, वायरिंग आणि चक्क इंग्रजी टायपिंगसुद्धा.

पंख्याकडे न बघताच मेकॅनिक म्हणाला, "आधी वाचून घ्या, साहेब. मग बोलू."

मला घाई होती. तरी टायपिंगपर्यंत वाचलं. तेवढ्यात तो चार वेळा उठला. एकेक चौकट बोटाने सरळ करायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. शेवटी मी वैतागलो. "यात पंख्याचं कुठलं?"

तो ओशाळला. मग त्याने पंख्यावर तळहात ठेवला, दुसऱ्या हाताने पातं फिरवलं आणि डोळे मिटून ऐकलं. "बुश झिजलाय," म्हणाला. पंधरा मिनिटांत पंखा बिनआवाज फिरू लागला.

"हे कुठल्या क्लासात शिकलात?"

"क्लास कसला! अठरा वर्षं गिरणीत कापड विणायचे साचे, म्हणजे माग, चालवले. एवढ्या खडखडाटात आपल्या दोन साच्यांतला कुठला कुरकुरतोय, ते कानाला कळायचं."

"मग त्याचं सर्टिफिकेट?"

त्याने दारामागची आठवी चौकट दाखवली. काच लखलखीत होती, आत कागद नव्हता.

"गिरणी उघडली की आणतो."

रस्त्यापलीकडे गिरणीच्या फाटकावरचं कुलूप गंजलं होतं. तो उठला आणि तीही चौकट बोटाने सरळ करून आला.