चंद्रभान पेंटरचा चुकलेला बॅनर

चंद्रभान पेंटरने त्या विलायती डॉक्टरचा बॅनर आयुष्यात तीनदा रंगवला. पहिला साठ साली, दुसरा त्र्याहत्तर साली आणि तिसरा त्र्याऐंशीत. गोष्ट तिन्ही वेळा तीच. एक भला डॉक्टर, त्याने घोटलेलं औषध, आणि ते प्यालं की त्याच्या अंगातून बाहेर येणारा दुसरा माणूस. पिक्चर बनवणारे बदलले, नट बदलले, काळापांढरा जाऊन रंग आला, पण डॉक्टरची खोड काही गेली नाही. तिसऱ्या खेपेला चंद्रभानने बॅनरवर एकच चेहरा काढला, तेव्हा टॉकीजचे मॅनेजर आनंदराव म्हणाले, "अन् दुसरा कुठं गेला गा?"

"एकच होता जी," चंद्रभान म्हणाला. "मागच्या वेळी माह्या ध्यानात नाही आलं."

आनंदरावांना वाटलं, पेंटरचं वय झालं, आता कामात अंगचोरपणा करतो. तसं नव्हतं. पण ते समजायला मधला बॅनर सांगावा लागेल, त्र्याहत्तर सालचा, चुकलेला.

चंद्रभान नागपूरच्या तांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरचा. बापामागे हातमाग थोरल्या भावाकडे, जागेश्वरकडे, गेला आणि चंद्रभानच्या हाती ब्रश आला. तरी घरची विद्या त्याने सोडली नव्हती. सुताला लावतात तशी भाताच्या पेजेची खळ तो बॅनरच्या कापडाला लावायचा, आणि मग त्यावर रंग असा बसायचा की दोन पावसाळे हलायचा नाही. काम करायची त्याची रीत ठरलेली होती. कंपनीकडून आलेल्या फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखायच्या, कापडावर गेरूच्या दोरीने तेवढ्याच मोठ्या चौकटी मारायच्या, आणि एकेक चौकट उतरवत जायचं. "चौकटीत काय आहे तेवढं पाहा," तो सांगायचा, "कोण आहे ते पाहाल त हात थरथरते." पिक्चर मात्र तो आधी कधी बघायचा नाही. हलवाई कुठे स्वतःची जिलबी खातो?

टॉकीजच्या अंगणात चंद्रभान म्हणजे जत्रा. पानठेलेवाले बाबनराव, टांगेवाले, डोअरकीपर, सगळे त्याच्याभोवती. तो नट्यांच्या चालीने चालून दाखवायचा, आनंदराव फोनवर कसे "यस सर" करतात ते करून दाखवायचा, आणि आनंदराव स्वतः दारात उभे राहून हसायचे. दिसायलाही माणूस उमदा होता. गुळगुळीत दाढी, काळी टोपी जरा तिरपी, दात पांढरेशुभ्र. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पीडा वाहून नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याबरोबर गल्लीचा जो बडग्या निघतो, तो पुतळाही त्याच्याच हातचा. बांबू, तणस, गोणपाट आणि कागद घेऊन तो असा काही नग उभा करायचा, की मिरवणुकीत लोक त्याच्याच गल्लीचा बडग्या शोधत यायचे.

घरी गेला की हे सगळं उंबऱ्याबाहेर राहायचं, चपलेसारखं. गल्लीत सायकलचं स्टँड खट्ट वाजलं, की घरातला रेडिओ बंद व्हायचा. सुभद्रा, त्याची बायको, पदर सावरून चुलीकडे वळायची. गोपिका, त्याची सोळा वर्षांची एकुलती मुलगी, जिथे असेल तिथे उभी राहायची. जेवताना कोणी बोलायचं नाही. मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर जायचं. एक पितळी ताट तर इतक्यांदा गेलं होतं की त्याच्या काठाला पोचा आला होता आणि ते जमिनीवर नीट टेकायचं नाही. चंद्रभानला यात काही वावगं वाटत नव्हतं. घर म्हटलं की धाक पाहिजे, असं तो मानायचा. एकाच गोष्टीचा सल त्याच्या मनात होता. आपली पोरगी आपल्याशी बोलत नाही. विचारलं तर हो, नाही तर नाही, तिसरा शब्द नाही. लहानपणी खांद्यावर बसून टोपी ओढणारी ही पोर कधी मुकी झाली, ते त्याला आठवत नव्हतं. ती उद्या सासरी जाईल, त्याआधी एकदा तरी तिने आपणहून चार गोष्टी सांगाव्यात, एवढंच त्याला हवं होतं. लाजाळू आहे, असं तो स्वतःला समजावायचा.

त्र्याहत्तरच्या श्रावणात आनंदरावांनी त्याच्यासमोर चार फोटो टाकले. रविवारपासून आठवडाभर सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर. "तोच डॉक्टर, तेच औषध," आनंदराव म्हणाले. "मागं तू काढला होता न, केसाळ, दातवाला? तसाच काढ."

चंद्रभानने फोटो पाहिले. एकात गालफडं बसलेला, दाढी वाढलेला, खोल डोळ्यांचा माणूस. दुसऱ्यात गुळगुळीत चेहऱ्याचा, हातात छडी घेतलेला, मनमोकळा हसणारा. यात विचारायचं काय? त्याने दाढीवाल्याच्या गालांवर हिरवा मारला, पदरचे दोन सुळे दिले, बोटांना नखं दिली. हसऱ्याच्या मागे पिवळा उजेड सोडला, कॅलेंडरातल्या देवामागे असतो तसा. फोटोत हसऱ्याच्या पाठीमागे, दाराशी, त्याची बायको उभी होती. ती छोटीशी बाईही त्याने चौकटीबरहुकूम उतरवली. बारा फुटांचा बॅनर रविवारी सकाळी दर्शनी भिंतीवर चढला.

खेळ सुटला आणि कॉलेजची पोरं बॅनरसमोर उभी राहून पोट धरून हसायला लागली. दाढीवाला होता तो डॉक्टर. रात्रंदिवस औषधाच्या नादात खंगलेला, पण भला. आणि औषध पिऊन जो बाहेर यायचा, तो होता हा देखणा, हसरा. चंद्रभानने देवाला राक्षस केलं होतं आणि राक्षसामागे उजेड सोडला होता. बाबनरावांनी तर सगळ्या चौकात बातमी केली. चंद्रभानही सगळ्यांबरोबर हसला, "अशी दाढी ठेवली त डॉक्टरकडे पेशंट कोण जाईन?" म्हणाला. पण पंचवीस वर्षांत तो कधी असा तोंडावर आपटला नव्हता. मनात त्याला फार लागलं.

सोमवारी तो पहिल्यांदाच आपण रंगवलेला पिक्चर पाहायला बसला. इंग्रजी त्याला कळत नव्हतं, पण चेहरे वाचणं हा त्याचा धंदाच होता. तो देखणा माणूस जिथे जाई तिथे लोक त्याच्याभोवती गोळा होत. तो बोलला की सगळी बैठक हसायची. मग तो घरी आला. जिन्यावर छडी वाजली, आणि आत पियानो वाजवणाऱ्या त्याच्या बायकोचे हात थांबले. तिने झाकण मिटलं, उठून उभी राहिली आणि नजर खाली घातली. एवढंच. पुढे खून झाले, आग लागली, पोलीस आले, ते सगळं चंद्रभानच्या डोळ्यांसमोरून गेलं, आत काही गेलं नाही. ते मिटलेलं झाकण तेवढं राहिलं. असं झाकण आपण कुठेतरी रोज ऐकतो, असं त्याला वाटत होतं आणि कुठे, ते आठवायची त्याला इच्छा नव्हती.

मंगळवारी दुपारी बॅनर उतरवून अंगणात दुरुस्तीला घेतला. सुभद्रा तापाने पडली होती, म्हणून डबा घेऊन गोपिका आली. चंद्रभान तेव्हा स्टुलावर बसून आपलीच फजिती रंगवून सांगत होता आणि टांगेवाले डोळे पुसत होते. गोपिका फाटकातच थांबली. आपला बाप असा हसतो, हे ती पहिल्यांदा पाहत होती. तिचं लक्ष एकदा बापाकडे गेलं, एकदा मागे पसरलेल्या बॅनरकडे.

"ये वं पोरी," बाबनराव कौतुकाने म्हणाले. "तुह्या बापानं आमचं पोट दुखवून टाकलं. तुमच्या घरी त दिवसभर हसणंच चालत असन, नाही?"

गोपिका डबा घेऊन पुढे आली. मग म्हणाली, "हो काका."

चंद्रभानच्या हातातला ब्रश तसाच राहिला. पोर खोटं बोलली होती. चार लोकांत बापाची लाज राखायला, डोळ्याची पापणी न हलवता बोलली होती, आणि हे खोटं तिला सवयीचं होतं. बाप म्हणून त्याला आजवर इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

मंडळी पांगल्यावर त्याने डबा उघडला नाही. बॅनरकडे बोट करून विचारलं, "गोपिका, यातला वाईट कोणता वाटते तुले?"

"मले काय समजते बाबा."

"सांग न. मी रागवून नाही राहिलो."

तिने हसऱ्याकडे बोट दाखवलं.

"काहून?"

"ही बाई," गोपिका दाराशी काढलेल्या त्या छोट्या बाईकडे पाहत म्हणाली, "तो एवढा हसून राहिला, अन् ही त्याच्याकडे पाहूनच नाही राहिली. दाराची कडी धरून आहे."

चंद्रभानने वाकून पाहिलं. खरंच बाईचा हात कडीवर होता आणि नजर जमिनीवर. हे सगळं त्यानेच काढलं होतं, चौकट मोजून, बोट न बोट. ज्यासाठी त्याला अख्खा पिक्चर बघावा लागला, ते पोरीने उभ्याउभ्या ओळखलं होतं, आणि ते तिला कुठल्या शाळेत शिकवलं गेलं, हे आता त्याला विचारायची गरज उरली नव्हती. त्या दिवशी त्याने सुळे पुसले, पिवळा उजेड पुसला, आणि बाकीचं तसंच ठेवलं.

संध्याकाळी गल्लीत सायकलचं स्टँड वाजलं आणि घरातलं गाणं अर्ध्या ओळीत तुटलं. पियानोचं झाकण. इतकी वर्षं हा आवाज तो मान म्हणून ऐकत आला होता.

पंधरा दिवसांनी पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी बडग्या निघाला. गेल्या वर्षी चंद्रभानने साठेबाज व्यापारी केला होता, त्याआधी उंदीर. यंदा त्याने कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. गोणपाट काढलं तेव्हा गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. गुळगुळीत गालांचा, पांढऱ्या दातांचा, तिरप्या काळ्या टोपीचा चंद्रभानच उभा होता! जागेश्वर म्हणाला, "यानं आता सोताले बी सोडलं नाही." पुतळ्याच्या हातात एक पितळी ताट होतं. कोणाला वाटलं जेवायला निघालाय, कोणाला वाटलं भीक मागतोय. दारात उभ्या असलेल्या सुभद्रेने ताटाच्या काठाचा पोचा पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

बडग्या उचलला की घराघरांतून आरोळी उठते, ज्याला जे नको ते त्याच्याबरोबर घालवायचं. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" "महागाई घेऊन जा गे मारबत!" ढोल जरा थांबला, तेवढ्यात दारातून गोपिकेचा आवाज आला. मोठा नव्हता, पण स्वच्छ होता.

"आमच्या घरचा धाक घेऊन जा गे मारबत."

गल्ली पुन्हा हसली. बापावर गेली पोरगी, म्हणाले. चंद्रभान हसला नाही. पुतळ्याचा एक बांबू त्याच्या खांद्यावर होता. त्याने मान खाली घातली आणि चालू लागला.

आता, मिरवणुकीनंतर बडग्या जाळतात, पण त्याबरोबर स्वभावही जळाला असता, तर नागपूर केव्हाच संतांचं गाव झालं असतं. त्या हिवाळ्यात चंद्रभान दोनदा ओरडला. एकदा ताटही उचललं, पण ते नवं होतं, चारही बाजूंनी टेकणारं, आणि त्याने ते परत खाली ठेवलं. जेवताना तो काही बोलायला जायचा, अंगणातला एखादा किस्सा सांगायचा, आणि माय-लेकी ताटात पाहत राहायच्या. त्याला वाईट वाटायचं. पण आपण पेरलेलं आहे, हेही त्याला कळायचं.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी त्याने गल्लीत सायकल लावली. स्टँड खट्ट वाजलं. आत रेडिओ चालू होता. चंद्रभान कान देऊन उभा राहिला. आवाज खाली आला, अगदी बारीक झाला, पण बंद झाला नाही. बारीक आवाजात गोपिका गाण्याबरोबर काहीतरी गुणगुणतही होती.

दाराशी पाण्याची बादली भरलेली होती. त्याने तांब्या घेतला, आणि गाणं संपेपर्यंत तो पाय धूत राहिला.