अक्काचा आडवा पाय

लग्न होऊन मी धुळ्याहून पाचोऱ्याजवळच्या एका गिरणाकाठच्या खेड्यात आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांचा उजवा हात थरथरत होता. मला वाटलं, सुनेचं तोंड बघून म्हातारा घाबरला की काय! माझं तोंड तेव्हाही फटकळच होतं, आणि धुळ्याच्या शाळेत चार यत्ता शिकल्याची थोडी ऐट होती. पण तो हात माझ्यामुळे हलत नव्हता. मांडीवर स्वस्थ ठेवला की अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत राहायची, जणू बसल्या जागी पेरणी चालली आहे.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं आणि सासूबाईंना अक्का. आबांच्या मुठीचं पंचक्रोशीत नाव होतं. पेरणीला पाभर चालते तेव्हा मागून चालणारा माणूस मुठीतून बी सोडत जातो. ती मूठ सैल पडली तर पीक दाट येतं, आवळली तर ओळीत खांडण्या, म्हणजे मोकळ्या जागा पडतात. आबांची मूठ कधी चुकली नव्हती. गंमत अशी की कामाला लागला की त्यांचा हात हलायचा थांबे आणि रिकामा झाला की पुन्हा सुरू होई. अक्का म्हणायची, या हाताला रिकामपण सोसत नाही.

पुढे हाताचं पायावर आलं. पावलं आखूड झाली, आवाज बसला, चेहऱ्यावरचं हसू कुणी पुसून घ्यावं तसं नाहीसं झालं. पाचोऱ्याच्या वैद्यांनी नाडी बघून सांगितलं, हा कंपवात. खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण दुधातून द्यायला सांगितलं आणि निघताना अक्काला म्हणाले, "हा आजार जायचा नाही. पण यांना बसू देऊ नका. बसले की संपले."

आता आमच्याकडे वडीलधाऱ्याचा मान राखायचा म्हणजे काय करायचं? त्याला खाटेवर बसवायचं आणि पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन द्यायचा. आजारी पडला तर मग विचारूच नका. मुलं, पुतणे, भाचे सगळे आबांना उठू देईनात. प्रेमानेच माणसाला खाटेला खिळवायचं चाललं होतं. एकदा आबांना ओट्यावरून उचलून आत नेलं. तेव्हा आबा त्या बसक्या आवाजात म्हणाले, "माले उचलीसन लई जाऊ नका. एकच येळ उचला, शेवटनी."

ते ऐकून मी डोळे पुसले. अक्काने मात्र डोळ्याला पदर लावला नाही. तिने त्या दिवशी मनाशी गाठ मारली असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराची रीतच बदलली.

तिने पहिल्यांदा आबांच्या हातात ताकाची रवी दिली. दोरीची दोन टोकं, एक हात पुढे, एक मागे. आखडलेले खांदे त्या घुसळणीत हळूहळू सुटायचे. आबांनी आधी मान फिरवली. बायकांचं काम कोण करणार? अक्का म्हणाली, लोणी खाताना तर मान फिरत नाही. शेजारच्या बायांना विषयच मिळाला. "धनीले ताक घुसळाले लावस व माय!" असं एक जण अंगणात येऊन म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. अक्काने तिचं भांडं भरून दिलं आणि विचारलं, "ताक ते तुम्हीच लई जातस. गोड लागस ना?"

खाटेच्या पायथ्याशी तिने बैलाचा जुना कासरा बांधला. कूस बदलायची, उठायचं, तर तो धरून आबांनी स्वतः उठायचं. कुणी हात द्यायला धावलं की अक्का अशी बघायची की धावणारा वाटेतच थांबे. माझीही हीच गत झाली आहे. आणि सकाळी गोठ्यातल्या बैलांना आबांनी ओट्यावरून हाक मारायची, बैलांनी मान वर करेपर्यंत. बैल आबांना ओळखत, पण बहिरे नव्हते आणि दयाळूही नव्हते. हाक पोचल्याशिवाय मान हलवत नसत. आबांचा आवाज टिकला तो त्या बैलांच्या जिवावर.

अशात एक दिवस आबा उंबऱ्याला अडखळून पडले. फार लागलं नाही, पण आमचे हे हादरले. "उंबराच काढी टाकू. आबाना पाय अडकस," म्हणाले आणि सुताराला बोलावून आणलं. बापासाठी पोरगा लक्ष्मीचा उंबरा उखडतो, म्हणजे प्रेम किती असेल बघा. पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दारात जमीन सपाट झाली आणि आबा त्या सपाट दारात येऊन खुंटासारखे उभे राहिले. पाय जमिनीला चिकटले. पुढे ओढ आहे, कमरेपासून वरचं अंग निघालं आहे, आणि पाय येत नाहीत. पूर्वी अडखळत होते, पण ओलांडत होते. आता दार उघडं असून बंद झालं. ह्यांचं तोंड तर बघवेना. एक चुलतसासरे म्हणाले, दारात कुणी काही पुरलं आहे, भगताला बोलवा.

सकाळी उंबऱ्याला हळदकुंकू वाहायचं काम माझं होतं. उंबराच नाही म्हटल्यावर मी ताम्हण घेऊन नुसती उभी राहिले. अक्काने ते माझ्या हातातून घेतलं. "उंबरा गया म्हनीसन पूजा थोडीच जास?" म्हणाली आणि जिथे उंबरा होता तिथे जमिनीवर तिने या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत हळदीचा जाड पट्टा ओढला, वर कुंकू टाकलं. तेवढ्यात आबा आतून आले. दारात थांबले, खाली बघितलं. हळदीवर पाय कसा द्यायचा? आणि त्यांचा पाय उचलला गेला. पट्ट्याच्या पलीकडे पडला, त्याच्यामागून दुसराही आला, आणि आबा ओट्यावर उभे!

आम्ही सगळे बघतच राहिलो. अक्का खाली बसलेलीच होती. तिने एकदा हळदीकडे आणि एकदा आबांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "समोर काही दिसनं ते पाय उचलतस. त्यासले उंबरा जोयजे." मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ज्याला आम्ही अडथळा समजलो, तोच त्यांचा आधार होता, आणि हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सुतार पुन्हा आला, नवा उंबरा बसला. सुताराने मात्र आमच्या घराची गोष्ट चवीने गावभर केली.

एका उंबऱ्यावर अक्का थोडीच थांबणार! सरपणासाठी रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या तिने अंगणात पावलापावलावर आडव्या मांडल्या. आबा एकेक ओलांडत गोठ्यापर्यंत जात आणि परत येत. कोंबड्या आल्या की पऱ्हाट्या विस्कटायच्या आणि अक्काची शिव्यांची पोतडी उघडायची. तिच्या शिव्या फार सुंदर होत्या. इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

दादरीची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची पेरणी आली. आमच्याकडे घरातल्या कर्त्याची मूठ पडल्याशिवाय पेरणी सुरू होत नाही. ह्यांनी सांगितलं, यंदा मी धरतो. आबा म्हणाले, मी येणार. बैलगाडीत बसायचं तर उचलावं लागणार, आणि उचलून घ्यायला ते तयार नव्हते. मळा गावाला लागूनच होता. अक्का म्हणाली, चालत जाऊ. ती दोन पावलं पुढे, आबा मागे, त्यांच्या मागे मी भाकरीची टोपली घेऊन, आणि सगळ्यात मागे बैल आणि पाभर घेऊन हे. माझ्या मनात धाकधूक होती. आज वाटेत थांबले तर आबा पुन्हा घराबाहेर पडायचे नाहीत, हे मला कळत होतं. अक्कालाही कळत होतं.

आणि नेमके वेशीत थांबले. पारावर गावातले पुरुष बसलेले. आबांचे पाय मातीला चिकटले, हात थरथरायला लागला. पाठीमागून ह्यांनी पाभर थांबवली. दोन तरणी पोरं उठून उचलायलाच निघाली. अक्काने इकडेतिकडे बघितलं. पऱ्हाटी नाही, काठी नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, आबांच्या शेजारी आली आणि स्वतःचा उजवा पाय त्यांच्या पुढ्यात आडवा ठेवला. जोडव्यांसकट. "पाय उचला," ती म्हणाली.

बायकोने नवऱ्याच्या वाटेत पाय घालायचा, तोही भर वेशीत, पारासमोर! आजच्या मुलींना यात काय विशेष ते कळणार नाही. नवऱ्याला चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचे ते दिवस. पारावरचा एक म्हातारा मोठ्याने खाकरला. आबांनी त्या पायाकडे बघितलं, आणि आपला पाय उचलून पलीकडे टाकला. अक्काने दुसऱ्या बाजूने पुन्हा पाय ठेवला. पुन्हा उचलला. असे ते दोघे वेस ओलांडून गेले, आणि मी टोपली डोक्यावर घेऊन रडत रडत हसत होते.

मळ्यात आबांनी मूठ धरली. बैलांना हाक दिली, बैलांनी आज्ञा मानली, आणि आबा पाभरीमागे एका तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या टोकापर्यंत गेले. हात हलला नाही. पीक उगवलं तेव्हा त्यांचं तास जरा दाट आलं होतं, खोटं कशाला बोलू. अक्काने त्याची विरळणी करू दिली नाही. शेतकऱ्याच्या घरात हा शुद्ध वेडेपणा, पण त्या तासाला कुणी हात लावला नाही.

त्यानंतर आबा काही वर्षं चालले. युद्धात रॉकेल मिळेना, कापड मिळेना, तरी अंगणातल्या पऱ्हाट्या रोज मांडल्या जात. शेवटी शेवटी घरातून ओट्यापर्यंतच येत. पण येत ते आपल्या पायांनी. स्वातंत्र्य आलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी ओट्यावर बसून बैलांना हाक दिली, आत येऊन आडवे झाले आणि उठले नाहीत. उचलू नका म्हणाले त्या दिवसापासून त्यांना कुणीही उचललं नव्हतं.

तिरडी निघाली तेव्हा अक्का दाराशी माझ्या खांद्याला धरून उभी होती. रडत नव्हती. खांदेकरी उंबऱ्यापाशी आले आणि तोल सावरायला क्षणभर थांबले. तेवढ्यात मी खाली बघितलं. लुगड्याच्या काठाखालून तिचा उजवा पाय पुढे सरकला आणि उंबऱ्याच्या अलीकडे आडवा टेकला. लोक तिरडी घेऊन उंबरा ओलांडून गेले. तिने पाय मागे घेतला, आणि मगच ती खाली बसली.