अक्कांचा आवाज

"भ्यायचं तर भी, पण फोन उचल."

अक्कांचं फोनवरचं पहिलं वाक्य हे असायचं. नमस्कार नाही, केंद्राचं नाव नाही. समोरच्या विद्यार्थ्यानं तीनदा फोन कापलेला असायचा आणि चौथ्यांदा तो सापडलेला असायचा. त्याला काय बोलावं ते सुचत नसे. अक्का डोळे मिटून त्याचं ते गप्प राहणं ऐकत बसायच्या. तुम्ही कुणाला असं गप्प माणसाचं ऐकताना पाहिलंय का? मी दोन वर्षं पाहिलं.

बिदरमध्ये एका औषधाच्या दुकानावर आमचं केंद्र होतं. लांबच्या एका विद्यापीठाचं बी.ए. तिथं संगणकावरून करता यायचं. व्याख्यानं पडद्यावर, स्वाध्याय पडद्यावर, शंकासुद्धा टाइप करून पाठवायच्या. कुणाच्याच घरी संगणक नव्हता, म्हणून पोरंपोरी रविवारी केंद्रावर यायची. मी संगणक सांभाळायची. अक्कांच्या नेमणुकीच्या कागदावर 'विद्यार्थी सहायक' असं लिहिलं होतं.

या कामात त्या आल्या एसटीडी बूथवरून. बिदरच्याच मैलूर भागात त्यांचा बूथ होता. काचेच्या खोक्यात शिरून माणसं पुण्या-हैदराबादला गेलेल्या आपल्या लेकरांशी बोलायची. बाहेर अक्का मीटरकडं बघत त्यांचे आवाज ऐकायच्या. मोबाइल आले आणि बूथ ओस पडला, तेव्हा त्यांनी तिथंच दोन संगणक मांडले. पोरं परीक्षेचे अर्ज भरायला येऊ लागली आणि अर्जाबरोबर रडगाणंही सांगू लागली. आमच्या केंद्राचे साहेब एकदा तिथं गेले होते. शिक्षण सोडायला निघालेल्या एका पोराला अक्कांनी परत अर्ज भरायला बसवलेलं त्यांनी पाहिलं आणि तिथंच नोकरी देऊ केली.

"मला शिकवाय येत न्हाई, साहेब," अक्का म्हणाल्या. "पण कोण सोडून चाललंय ते मला कळतंय."

रोज सकाळी त्या माझ्याकडून यादी घ्यायच्या. कुणी किती दिवसांत संगणक उघडला नाही, त्याची. आठ दिवसांच्या पुढं आकडा गेला की त्यांचा चेहरा उतरायचा. नंबर अर्धा फिरवून त्या फोन खाली ठेवायच्या आणि पुन्हा उचलायच्या. पोरांना धीर देणारी ही बाई स्वतः इतकी भितरी कशी, याचं मला हसू यायचं. एकदा मी विचारलंच.

"बूथवर एक म्हातारी यायची," त्या म्हणाल्या. "रोज ल्योकाला फोन लावायची. तिकडं कुणी उचलंना. मी म्हणायची, कामात असंल, उद्या उचलंल. दीड महिना म्हणले मी तसं. तो कवाच मेलाता."

त्यानंतर मी हसले नाही.

खटकचिंचोळीची सुनंदा आमच्याकडं शेवटच्या वर्षाला होती. घर मेंढरांवाल्यांचं, नवरा पुण्यात गाडी चालवायचा. शिवणक्लासला जाते असं घरी सांगून ती केंद्रावर यायची. घरात एकच मोबाइल होता आणि तो सासऱ्याच्या खिशात. "तेवढा फोन करू नका, अक्का," असं तिनं बजावून ठेवलं होतं.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि सुनंदा दोन रविवार आलीच नाही. तिच्या नावापुढं सोळा दिवसांचा आकडा पडला. अक्का सकाळपासून फोनकडं बघत होत्या. दुपारी त्यांनी नंबर फिरवला.

"कोन? कुटलं केंद्र?" म्हाताऱ्याचा आवाज मला शेजारी बसून ऐकू आला.

अक्कांना खोटं बोलता आलं नाही. "परीक्षेचं," त्या म्हणाल्या. तिकडून फोन कापला गेला, तो मग चार दिवस बंदच. त्या चार दिवसांत अक्कांनी डबा उघडला नाही. "मीच घात केला पोरीचा," एवढंच म्हणायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी पिशवी उचलली. "चल."

भालकीला बस बदलून आम्ही खटकचिंचोळीला निघालो. अक्कांनी गळ्याला रुमाल गुंडाळला होता आणि त्यांचा आवाज घोगरा येत होता. "घसा बसलाय," त्या म्हणाल्या. "जल्मभर बोलले, बसनारच की."

सुनंदाच्या घराला कुलूप होतं. शेजारची बाई दारात येऊन म्हणाली, "तिला का? परवा जीपीत घालून नेलं."

"कुटं?"

"काय की बाई."

अक्का भिंतीला टेकल्या. जीपमध्ये घालून माणसाला दवाखान्यात नेतात, नाहीतर मसणात, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघीही ते बोलत नव्हतो. तेवढ्यात बोळातून तिचा म्हातारा सासरा आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. अक्का पुढं झाल्या आणि तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. शब्दच उमटला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि माझ्याकडं पाहिलं. तसे डोळे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

"तूच का ती फोनवाली?" म्हातारा मला म्हणाला.

मी अक्कांच्या पुढं सरकले. "व्हय," मी म्हणाले. "आज्जा, सुनंदा कुटं हाय?"

"म्हायेरी. करजगीला. शिवनक्लास आदीच बंद क्येलता, फोन आला तवा तिच्या बापाला मीच बलिवलं, म्हनलं घिऊन जा." तो काठी टेकून ओट्यावर बसला. "पोरगा पुन्यास्नं माघारी यीना. ही शिकली की हीबी जाईल. मग आमी दोघं म्हातारा-म्हातारी कुनाच्या तोंडाकडं बघावं?"

भांडायचं म्हणून घोकून आणलेलं सगळं मी विसरले. अक्कांनी हातानंच मला खाली बसायची खूण केली. मी त्याच्या पायाशी मातीत बसले.

"ती जाईल का ऱ्हाईल ते मला सांगता येत न्हाई, आज्जा. पर तीन वर्स वाचलंय तिनं. आता निस्तं लिव्हायचं ऱ्हायलंय. तुमी सोबत या. पेपर हुईस्तोवर दारात बसा."

तो काठी उचलून मेंढरांकडं निघून गेला. आम्ही परतीची बस धरली.

परीक्षेच्या दिवशी घंटा व्हायला दहा मिनिटं असताना सुनंदा जिना चढून आली. मागं म्हातारा. तीन तास तो पायरीवर बसून राहिला आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिला, "आमची सून हाय न्हवं आत?" ती पास झाली. वर्षभरानं नवऱ्याकडं पुण्याला गेलीसुद्धा. म्हाताऱ्याची भीती खोटी नव्हती.

खटकचिंचोळीहून आल्या दिवसापासून अक्का मला कुजबुजत म्हणू लागल्या, "आता तू लाव फोन." त्या शेजारी बसून कागदावर लिहून द्यायच्या: 'घाई करू नको', 'त्याच्या आईचं विचार'. मला वाटलं, त्या मला शिकवतायत. मी मनातून फुलून गेले होते.

आवाज मात्र परत आला नाही. एक महिना गेला, चार गेले. चहा गिळताना त्या मान तिरकी करायच्या. पोरांच्या श्वासावरून त्यांची अडचण ओळखायला मी शिकले, पण शेजारच्या खुर्चीतल्या बाईला दोन शब्द विचारले नाहीत. दोनदा ओठांवर आलं होतं. उत्तराची भीती वाटली. त्यांचा भाऊ मागाहून म्हणाला, कलबुर्गीच्या डॉक्टरांच्या दारातनं त्या दोनदा माघारी आल्या होत्या.

शेवटी भावानं हैदराबादच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा घशातली गाठ फार वाढली होती. मी भेटायला गेले. गळ्यात नळी होती, उशाशी पाटी-पेन्सिल. भाऊ सारखा म्हणत होता, "आठ दिसांत घरी जायाचंय." अक्कांनी तो चहाला जाईपर्यंत वाट पाहिली आणि पाटीवर लिहिलं: 'घरचे खरं सांगंनात. मला विचाराय भ्या वाटतंय. तू डॉक्टरला विचार.'

मी उठले. त्या लांब व्हरांड्यात दोनदा थांबले, पण आत गेले आणि विचारलं. परत आले तेव्हा त्या दाराकडंच बघत होत्या. मला खोटं बोलता आलं असतं. मी पलंगाच्या कडेला बसले, त्यांचा हात धरला आणि डॉक्टर म्हणाले ते सगळं आपल्या बोलीत सांगितलं.

त्यांनी खूप वेळानं हात सोडवून घेतला. पाटी पुसली. लिहिलं: 'बरं झालं. जा आता. बस चुकंल.'

त्यानंतर अक्का अकरा दिवस होत्या. त्यांनी 'जा' लिहिलं त्या दुपारची बस मी मुद्दाम चुकवली, त्यांच्यापाशीच बसले.