धुतलेला कोयता

संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीवर खुनाच्या तपासाची मालिका लागते आणि माझं डोकं फिरतं. सून म्हणते, "आई, तुम्ही आत बसा बरं, उगाच बीपी वाढेल." मी आत जात नाही. समोर बसून शिव्या घालते. मेलेला माणूस गालिच्यावर पडलेला असतो, कपड्यांची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसते. भोवती पोलिसांची पिवळी पट्टी बांधलेली. मग हातमोजे घातलेली देखणी मंडळी येतात. कुणी दाराच्या मुठीवर पावडर मारतं, कुणी चिमट्यानं एक केस उचलून पिशवीत टाकतं. तेवढ्या एका केसावरून जाहिराती धरून तासाभरात खुनी सापडतो, वर ढसाढसा रडून कबुलीही देतो. आणि निरपराध माणूस असेल तर त्याची पाठ थोपटून, माफी मागून घरी सोडतात. माझी खरी चिडचिड इथे होते. माफी मागतात म्हणे!

मी जन्मभर नर्स होते, लोणावळ्याच्या दवाखान्यात. साठ सालच्या आगेमागे आमच्या भागात बाई पोलीस औषधालाही नव्हती. बाईची झडती बाईनंच घ्यायची हा कायदा मात्र होता. मग फौजदार आमच्याकडे हवालदार पाठवायचा, "नर्सबाईंना द्या जरा." जरा म्हणजे अख्खा दिवस. डॉक्टर हो म्हणायचे आणि मी पिशवी उचलून जीपमध्ये मागे बसायची. अशी खंडाळ्याच्या बंगल्यांपासून बेडशाच्या वस्त्यांपर्यंत मी बरीच घरं पाहिली, जिथे कुणीतरी मेलेलं होतं आणि कुणावर तरी आळ आला होता.

हातमोजे? दवाखान्यात रबरी मोज्यांचा एक जोड होता, उकळून उकळून पांढरा पडलेला, ठिगळं लावलेला. तो बाळंतपणासाठी. मेलेल्यासाठी कोण काढून देतो? पंच म्हणजे एसटी स्टँडवर हाताला लागलेले दोन इसम, ज्यांचं सगळं लक्ष परतीच्या गाडीकडे. आम्ही पोचेपर्यंत गावातलं प्रत्येक माणूस त्या खोलीत जाऊन, रडून, चूळ भरून आलेलं असायचं. हवालदार हत्यार हातात घेऊन "हे बघा बाई" म्हणून मलाच दाखवायचा. मग ते जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून, लाखेचं सील मारून, शिपायाच्या मांडीवरून बसनं पुण्याला जायचं. तिकडून उत्तर यायचं तेव्हा काय विचारलं होतं ते सगळे विसरलेले असायचे.

पण याचा मला राग नाही. साधनं नव्हती, तर नव्हती. त्या शिपायांच्या पायात धड चपला नसायच्या. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो त्या एका वाडीत पेटला तो अजून विझलेला नाही.

औंढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक लहानशी वाडी होती. थोडी भातखाचरं आणि बाकी मजुरी, यावर जगणारी घरं. तिथला एक तरुण माणूस राब तोडायला झाडावर चढला. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्यासाठी लागणाऱ्या फांद्या म्हणजे राब. फांदी तोडताना तो खाली पडला. डोक्याला मार लागला, पण उठला, स्वतःच्या पायांनी घरी आला. झाडावरून पडलो, डोकं दुखतंय, असं आईला म्हणाला, कोरा चहा प्यायला आणि आडवा झाला. मग ओकला. कानातून रक्त आलं. उजाडायच्या आत गेला. असे रुग्ण मी पाहिले होते. बैलगाडीवरून पडलेला माणूस आमच्याशी नीट बोलत असायचा, नाव-गाव सांगायचा, आणि थोड्या वेळानं हातातून जायचा. आत रक्त साचत असतं, बाहेर काही दिसत नाही.

आता त्या घरानं काय केलं? जे मावळातलं कुठलंही घर करेल तेच केलं. प्रेत अंगणात काढलं. जिथे जीव गेला ती जागा त्याच्या बायकोनं, घरच्या सुनेनं, शेणानं सारवून घेतली. मेलेल्याच्या भावानं तिरडीला बांबू तोडायचे म्हणून झाडाखाली पडलेला कोयता आणला, बांबू तोडले, आणि तिरडीला लागलेला कोयता तसाच घरात कसा ठेवायचा म्हणून ओढ्यावर धुतला. सुनेनं अंघोळ केली, लुगडं धुतलं. तेवढ्यात पोलीस पाटलानं तिरडी अडवली. कारण दोन दिवसांपूर्वी पाणवठ्यावर नवराबायकोचं भांडण झालं होतं. तिला माहेरच्या लग्नाला जायचं होतं, तो सोडत नव्हता. ती सगळ्यांदेखत ओरडली होती, "मर तिकडं, सुटंन मी!" तिच्या तोंडचं ते वाक्य पाटलाच्या तोंडून चौकीपर्यंत पोचलं. असं बोलणं गुन्हा असेल तर मला कधीच फाशी व्हायला हवी होती. मी माझ्या नवऱ्याला दिवसाआड हेच म्हणायची, आणि तो चांगला म्हातारा होऊन गेला.

प्रेत बैलगाडीतून वडगावला नेलं, चिरफाड झाली, भावानं तिकडेच नदीकाठी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार मला घेऊन वाडीवर गेला. चढावर जीप थांबवून पायी निघालो तेव्हाच तो हवालदाराला म्हणाला, "बाईनंच डोकं फोडलंय. कोयत्याच्या पाठीनं." घर अजून दिसलंसुद्धा नव्हतं.

घरात सारवलेल्या जागी दिवा जळत होता आणि शेजारी एक टोपली पालथी घातलेली होती. तिच्याखाली नाचणीचं पीठ पसरलेलं. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला, माणसाच्या, पाखराच्या की आणखी कशाच्या, त्याचं पाऊल त्या पिठात उमटतं म्हणतात. म्हातारी, म्हणजे मेलेल्याची आई, अग्नी देऊन परतणाऱ्या धाकट्या मुलाची वाट बघत बसली होती. तो आल्यावर टोपली उचलायची होती. फौजदारानं छडीनं टोपली उडवली आणि पीठ तुडवत पलीकडे गेला. टीव्हीवर पावडर मारून ठसे शोधतात ना? आमच्याकडेही पीठ होतं. त्यावर उमटला तो फौजदाराचा बूट.

म्हातारी किंचाळली नाही. हात जोडून म्हणाली, "सायेब, माजा ल्योक कुटं गेला त्ये बगायचं व्हतं ओ."

त्याला ही रीत ठाऊक नसेल असं मुळीच नाही. त्याच्याही घरी हेच करत असणार. पण चौकशीला आलेल्या साहेबाला खाली बघून चालायचं कारण काय?

मग प्रश्न सुरू झाले. जमीन का सारवली? म्हातारी पुढे झाली, "म्या सांगितलं तिला सारवाय. मुडद्याची जागा तशीच ठिवत्यात व्हय?" हवालदाराची पेन्सिल हलली नाही. कोयता कुठला? तेवढ्यात वडगावहून येऊन पोचलेला दीर म्हणाला, "झाडाखाली पडल्याला, सायेब. बांबू तोडाय म्या आनला."

"धुतला कुणी?"

"म्याच धुतला. तिरडीचा कोयता न्हाई धुतला तर घरात कसा आनायचा?"

फौजदार पंचांकडे बघून हसला. "छान. जमीन स्वच्छ, कोयता स्वच्छ, लुगडं स्वच्छ. पुरावा कसा नाहीसा करायचा ते शिकून घ्या यांच्याकडून."

मला त्या पोरीला गोठ्यात न्यायला सांगितलं. विशीची असेल. पोर अंगावर पीत होतं, काही महिन्यांचं. मी त्याला बाजूला घेतलं तसं तिच्या चोळीतून दूध गळायला लागलं. तिच्याकडे मिश्रीची डबी निघाली, बाकी काही नाही. ती मला विचारत होती, "बाई, ह्ये कशापायी बगत्यात? काय हारवलंय त्यांचं?" मी तिचा पदर नीट करून दिला. बोलायला तोंड उघडलं असतं तर मी रडले असते, आणि मला त्या माणसासमोर रडायचं नव्हतं.

बाहेर येऊन मी फौजदाराला म्हटलं, "झाड बघा. इथून हाकेवर आहे. तोडलेल्या फांद्या तिथेच पडल्यात, मोडलेली फांदी दिसेल, खाली दगड आहे का बघा." त्यानं वर चढाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं, त्यांना पीठ लागलं होतं. "बाई, तुम्हाला झडतीला आणलंय, तपासाला नाही." मी आवाज चढवला. हो, चढवला, पंचांसमोर. म्हटलं, जिवंत बाईच्या चोळीत हात घालायला तुम्हाला वेळ आहे, झाडापर्यंत जायला नाही? तो शांतपणे जीपकडे चालू लागला. लाच खाणारा नव्हता तो, मारझोड करणारा नव्हता. मला दवाखान्याच्या दारात सोडून "आभारी आहे" असंही म्हणाला. आळशी होता आणि त्याला सगळं आधीच कळलेलं होतं. लाचखाऊ परवडला.

पुढच्या आठवड्यात मी सुट्टी काढून वर गेले. झाडाखाली काही राहिलं नव्हतं. दिरानं फांद्या उचलून खाचरात पसरल्या होत्या आणि भाजल्याही होत्या. मी त्याच्यावर खेकसले. तो म्हणाला, "बाई, पाऊस आल्यावं राब भाजू व्हय? भात काय कोरटासाटी थांबतंय?" खरंच होतं त्याचं. उरलेल्या माणसांना वर्षभर खायचं होतं. झाडावर एक मोडका खुंट दिसला, पण तो मला दिसून काय उपयोग?

खटला पुण्याला चालला. झडतीच्या दिवशीच अटक झालेली ती पोर तोवर तुरुंगातच, लेकरू तिच्याजवळ. ते तिथेच रांगलं, तिथेच चालायला शिकलं. म्हातारी प्रत्येक तारखेला वाडीवरून उतरून लोणावळ्याला यायची, गाडीनं पुण्याला जायची, फडक्यात भाकरी बांधून. भेटेल त्याला सांगायची, "म्या सांगितलं तिला सारवाय. माजी सून तशी न्हाई." शिपायाला सांगायची, वकिलाला सांगायची, चहावाल्याला सांगायची. मला तिचा फार आधार वाटायचा. म्हणायची मी मनात, हिला तरी खरं काय ते माहीत आहे.

माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, "लुगडं धुतलेलं होतं?" मी म्हटलं, "हो, पण प्रेत उचलल्यावर..." "बाई, हो की नाही एवढंच सांगा." माझा "पण" कुणी लिहून घेतला नाही. कोर्टात असे किती पण राहून गेले असतील, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, मार फटक्यानं बसलेला असू शकतो, पडूनही बसलेला असू शकतो. शेवटी जज्जसाहेबांनी तिला सोडलं. संशयाचा फायदा देऊन.

फायदा! हा शब्द ज्यानं काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे. मी त्या दिवशी पेढे वाटले दवाखान्यात, मूर्खासारखे. मला वाटलं, सुटली.

काही महिन्यांनी वाडीवर लहान मुलांना देवी टोचायला गेले. सगळी पोरं रांगेत बसवून टोचली, तिच्या मुलालाही टोचलं. ती बारीक झाली होती. पाणवठ्यावर बायका तिला आधी पाणी भरू देतात आणि ती गेल्यावरच आपण येतात, असं कुणीतरी मला सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हातारीला हाक मारली. म्हटलं, "मावशी, तुम्ही या बायांना चार गोष्टी सुनवा. तुमचा शब्द ऐकतील त्या."

पाण्याला निघालेल्या म्हातारीनं रिकामा हंडा काखेत तसाच ठेवून, माझा हात धरून मला घरामागे नेलं. इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. तितं पुन्यात लय बोल्ले, म्या ऐकलं. येवढी मोटी मानसं, येवढं वरीस बसली, आन शेवटी काय म्हनली? शंका हाय म्हनली. न्हाई केलं आसं न्हाई म्हनली."

"मावशी, ते कायद्याचं बोलणं असतं. तुम्हीच तिला सारवायला सांगितलं ना?"

"व्हय. म्याच सांगितलं," ती म्हणाली. "पन त्याच्या आदी म्या झोपल्याली व्हते, बाई. खरं सांगा, तिनं न्हाई ना केलं कायी?"

मी तिच्यावर ओरडले. मावशी, तुमची बुद्धी कुठे गेली, त्यानं स्वतः सांगितलं ना तुम्हाला झाडावरून पडलो म्हणून, असं काय काय मोठमोठ्यानं बोलत सुटले. म्हातारी मान हलवत राहिली. मी वळले तर सून मागच्या दारात उभी होती, पोराला कडेवर घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, म्हाताऱ्या सासूच्या हातातला रिकामा हंडा काढून घेतला आणि एकटीच पाण्याला गेली.