रोज सकाळी पुसली जाणारी खाडी

आधी झेरॉक्सवाल्या ताईंचं सांगतो, मग माझं. कारंज्यात आमच्या धान्याच्या दुकानाला लागूनच त्यांचं दुकान. रोज धनज गावाहून ऑटोने येतात, आणि बोलायला तिखट.

मी आठवीतून शाळा सोडलेला. खाडीकाठचं गाव सोडून इतक्या लांब आलो तो शेठकडे वजनकाट्याच्या पावत्या काढायला. इंग्रजी मला अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागतं. म्हणून कॉम्प्युटर माझ्यापुरता लावून घेतला होता: सगळं मराठीत, अक्षरं ठसठशीत, पावतीचं बटण डाव्या कोपऱ्यात, पडद्यावर मागे आमच्या खाडीचा फोटो. तसा लावलेला असला की माझा हात कुणाला ऐकत नाही, हे आजही छातीठोक सांगतो.

पण सकाळी मशीन सुरू करावं तर सगळं गायब. अक्षरं बारीक, खाडी पुसलेली. बाहेर सोयाबीनच्या गाड्या उभ्या, आणि मी पुन्हा पहिल्यापासून जुळवतोय. एकदा शेठ हळूच म्हणाले, "तुह्या हातानंच बिघडते काय बे? जमत नसंल तर सांग, दुसरा पाहू." त्या हळू बोलण्याचीच जास्त धास्ती बसली. काम गेलं तर गावी काय तोंड दाखवणार?

ताईंना सांगितलं. त्यांनी मशीनला हातही न लावता विचारलं, संध्याकाळी दुकान कोण बंद करतं? मी मागे गोदामाला कुलूप लावत असतो, पुढचं शेठ बघतात, म्हणालो. त्या दिवशी ताई येऊन बाकड्यावर बसल्या, मलाही थांबवलं.

शेठ जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं. ऊन कललं की त्यांची घाई. त्यांनी वडिलांच्या सवयीने मेन स्विच खाली ओढला, उंबऱ्याला हात जोडले. वडिलांच्या वेळी दुकानात नुसते बल्ब होते. पडदा काळा झाला. मशीन रीतसर बंद केलं तरच आपण लावलेलं जपून ठेवतं, ताईंनी मला समजावलं. मग मशीनकडे बोट दाखवत शेठकडे वळल्या.

"शेठ, तुमचं जेवन टायमावर व्हते. याले कायले रोज भरल्या ताटावरून उठवून राह्यले?"

शेठ स्विचकडे बघून पोट धरून हसले. "मले काय मालूम, यालेही जेवाले लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडी जागेवर होती. आता शेठ रोज उंबऱ्यातून विचारतात, "झालं काय रे त्याचं जेवन?" मी हो म्हटल्यावरच स्विच खाली येतो. दुसरा माणूस पाहायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

ताई चहासुद्धा घेत नाहीत माझा. फक्त एकदा त्या फोटोपाशी थांबल्या आणि विचारलं, एवढं पाणी खरंच खारं असतं का? त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. ताई, एक दिवस मी तुम्हाला आमच्या गावी नेणार. होडीत बसवणार. हात पाण्यात घालून, तुमचं तुम्हीच चाखून सांगा.